टेप गन, दोन इंची, लोखंडी : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गेली सहा वर्षे मी भिवंडी तालुक्यातील एका गोदामात पॅकर म्हणून काम करीत आहे आणि त्यांपैकी शेवटचे चौदा महिने माझ्या हातात जी टेप गन आहे, ती कंपनीने दिलेली नसून मी स्वतःच्या पैशांनी घेतलेली आहे. मुंबईत मस्जिद बंदर स्थानकापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर नागदेवी स्ट्रीट आहे. नटबोल्टपासून ड्रिल मशीनपर्यंत सगळी हत्यारे तिथे मिळतात, आणि तिथल्याच एका अरुंद दुकानात मला ही गन ३१० रुपयांना मिळाली. उत्पादकाचे नाव मी लिहीत नाही, कारण एक तर याच साच्यातून निघालेल्या गन चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात आणि दुसरे म्हणजे माझ्या गनवरचा स्टिकर दुसऱ्याच आठवड्यात निघून गेला. टेप चिकटवण्याच्या अवजाराला स्वतःचे नाव चिकटवून ठेवता आले नाही, ही त्याच्याविषयीची पहिली तक्रार समजावी.

अवजार ओळखायला सोपे आहे. पिस्तुलासारखी लाल प्लास्टिकची मूठ, तिच्यावर जाड पत्र्याचा काळा सांगाडा, टेपचे रीळ बसवण्यासाठी तीन इंच व्यासाची चाकी, त्या चाकीच्या मध्यभागी रीळ घट्ट-सैल करणारी ब्रेकची चावी, पुढे रबरी रोलर, टेपचे टोक मागे पळून रिळाला चिकटू नये म्हणून एक पातळ पत्र्याची जीभ आणि सर्वांत पुढे दातेरी पाते. यांपैकी ब्रेकची चावी आणि पाते या दोनच गोष्टींवर गन चांगली की वाईट हे ठरते. बाकीचे भाग सगळ्या गनमध्ये जवळपास सारखेच असतात, त्यामुळे दुकानात गेल्यावर रंग आणि चकाकी पाहण्यात वेळ घालवू नये.

पॅकिंगच्या टेबलावर काय चालते हे ज्यांनी पाहिलेले नाही, त्यांना एका अवजारावर एवढे लिहिण्यासारखे काय आहे असे वाटेल, म्हणून थोडक्यात सांगते. पिकर, म्हणजे गोदामातून माल गोळा करून आणणारा कामगार, मालाने भरलेली प्लास्टिकची पेटी, जिला आमच्याकडे टोट म्हणतात, टेबलावर आणून ठेवतो. मी प्रत्येक वस्तू स्कॅन करते, पडद्यावर दाखवलेल्या मापाचे खोके उघडून त्याचा तळ टेपने बंद करते, माल रचते, मोकळी जागा कागदाने किंवा बबलने भरते, बिल टाकते, वरचे फ्लॅप मिटून पुन्हा टेप मारते, लेबल लावते आणि खोके पट्ट्यावर सरकवते. आमच्याकडे तासाला ४० खोक्यांचे टार्गेट आहे, म्हणजे जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी वजा करता आठ तासांच्या पाळीत ३०० खोकी होतात. प्रत्येक खोक्यामागे गन किमान दोनदा उचलावी लागते, आणि काच, बाटल्या किंवा जड माल असेल तर कडांवरही पट्ट्या मारायच्या असल्याने त्याहून जास्त वेळा. सरासरी तीन वेळा धरली तरी दिवसाला ९०० उचली झाल्या. रिकामी गन लेबल काढण्याच्या काट्यावर मी एकदा ठेवून पाहिली, ती ४३० ग्रॅम भरली. नवे रीळ चढवल्यावर साधारण ६०० ग्रॅम. नऊशे उचलींना ६०० ग्रॅम म्हणजे दिवसाकाठी अर्ध्या टनाहून अधिक वजन एका मनगटातून जाते, आणि ते वजन कोणत्याही हजेरीपत्रकावर लिहिलेले नसते.

हे अवजार आमच्या भागात इतके सर्रास का झाले, त्यामागे जकातीचा, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरच्या कराचा, इतिहास आहे. मुंबईच्या जकात नाक्याबाहेर आणि तरीही मुंबईला खेटून, महामार्गाला लागून आणि न्हावा-शेवा बंदराच्या आवाक्यात जागा हवी म्हणून व्यापाऱ्यांनी काल्हेर, पूर्णा, राहनाळ, मानकोली, दापोडे या गावांत गोदामे बांधली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि जकात गेली, पण गोदामे कुठेही गेली नाहीत. उलट मुंबई-नाशिक महामार्गाने पडघ्याच्या दिशेने पसरत राहिली. मी शहापूर तालुक्यातली. माझ्या लहानपणी आमच्या गावातल्या प्रत्येक घरात विळा होता. आता प्रत्येक दुसऱ्या घरात कुणीतरी टेप गन चालवणारे आहे.

कंपनीकडून टेबलावर जी गन मिळते ती संपूर्ण प्लास्टिकची, हलकी आणि ब्रेक नसलेली असते. हलकी असणे हा गुण वाटतो, आणि पहिल्या तासाला तो असतोही. पण ब्रेक नसल्यामुळे टेप ओढली की रीळ स्वतःच्या जोराने पुढे फिरत राहते, टेप सैल पडते, तिला घडी पडते, आणि ती घडी सरळ करण्यासाठी डाव्या हाताचा अंगठा मध्ये घालावा लागतो. हा अंगठा पात्यापासून दोन बोटांवर असतो. शिवाय त्या गनचे पाते बोथट झाले की पॅकर झटका देऊन टेप तोडतो, झटक्याने टेप आडवी न फाटता उभी चिरत जाते, आणि मग अर्धी पट्टी खोक्यावर व अर्धी रिळावर राहून नखाने टोक शोधण्याचा कार्यक्रम सुरू होतो. गोदामातल्या मंद उजेडात पारदर्शक टेपचे टोक शोधणे हे सुईत दोरा ओवण्यापेक्षा कठीण काम आहे, कारण सुईचे भोक निदान एका जागी असते. ज्या महिन्यात माझ्या उजव्या मनगटाला सूज येऊन मी चार दिवस घरी बसले आणि चार दिवसांची मजुरी बुडाली, त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी नागदेवीला गेले.

आता या गनच्या खऱ्या गुणाविषयी, म्हणजे ब्रेकविषयी. चाकीच्या मध्यभागी असलेली चावी उजवीकडे फिरवली की रीळ जड फिरते, डावीकडे फिरवली की हलके. नवख्या माणसाला वाटते की हे एकदा जमवून विसरून जायचे काम आहे, आणि गनबरोबर आलेल्या कागदावरही तसेच छापलेले होते, पण तसे ते नाही. ब्रेक फार सैल असेल तर वर सांगितलेल्या घड्या पडतात. फार घट्ट असेल तर टेप ताणली जाऊन खोक्यावर बसते, आणि ताणलेली टेप काही वेळाने पूर्वपदावर येण्यासाठी आक्रसते, तेव्हा तिची दोन्ही टोके खोक्याच्या बाजूंवरून उचलली जातात. खोके आपल्या टेबलावरून जाताना उत्तम दिसते आणि ट्रकमध्ये चढेपर्यंत त्याला दोन कान फुटलेले असतात. पहिल्या पंधरवड्यात माझी अशी सहा खोकी डॉकवरून, म्हणजे ट्रक भरण्याच्या फलाटावरून, परत आली, आणि त्याचा दोष मी टेपला देत होते. पुढे लक्षात आले की रीळ जसजसे संपत येते तसतशी त्याची त्रिज्या कमी होते आणि ब्रेक तेवढाच असूनही टेप ओढायला जराशी, पण हाताला कळण्याइतकी, अधिक ताकद लागते. म्हणून रीळ अर्ध्यावर आले की चावी पाव वळसा सैल करायची आणि नवे रीळ चढवले की पुन्हा पाव वळसा आवळायची. एवढी एक सवय लावून घेतल्यावर परत येणारी खोकी जवळपास थांबली. माझ्या मते या गनची निम्मी किंमत त्या चावीची आहे. मात्र ही चावी बोटांनी फिरत नाही, तिच्या खाचेत नाणे घालावे लागते. आणि पाळीत खिशात पैसे ठेवायला आम्हाला परवानगी नसल्यामुळे मी एक रुपयाचे नाणे गनच्या मुठीलाच टेपने चिकटवून ठेवले आहे. गेटवरच्या तपासणीत त्याबद्दल दोनदा प्रश्न विचारले गेले.

गन चालवण्याची पद्धतही इथेच सांगितलेली बरी, कारण चांगल्या अवजाराने चुकीच्या पद्धतीने काम केले तर मनगट तेवढेच दुखते. गोंदाची बाजू खोक्याकडे ठेवून पट्टी समोरच्या बाजूवर दोन इंच खाली चिकटवावी, तिथून वर घेऊन फ्लॅपच्या फटीवरून सरळ आपल्याकडे ओढावी, आपल्या बाजूवरही दोन इंच खाली आणावी आणि मग मनगट पिळून नव्हे, तर कोपर किंचित वर उचलून पाते टेपवर टेकवावे. पाते धारदार असेल तर टेकवणे पुरते. मनगट पिळण्याची सवय प्लास्टिकच्या गनमुळे लागते आणि ती मोडायला मला महिना लागला. टेबलाची उंची आपल्या कमरेच्या बेताने नसेल तर कोपर उचलण्याची ही युक्ती फारशी चालत नाही. आमची सगळी टेबले एकाच उंचीची आहेत आणि त्यांच्यासमोर उभ्या राहणाऱ्या बायका एकाच उंचीच्या नाहीत, म्हणून माझ्या शेजारची मावशी दोन लाकडी पॅलेटच्या फळ्यांवर उभी राहून काम करते.

बायकांच्या हातांविषयी अवजार बनवणाऱ्यांनी विचार केलेला दिसत नाही. आमच्या पॅकिंग विभागात निम्म्याहून अधिक बायका आहेत, पण ही मूठ पुरुषी पंजाच्या मापाची आहे; माझी मधली तीन बोटे तिच्याभोवती जेमतेम पोहोचतात आणि करंगळी मोकळीच राहते, त्यामुळे पकड घट्ट ठेवण्यासाठी विनाकारण जास्त जोर लागतो. मी मुठीच्या मागच्या बाजूचा प्लास्टिकचा उंचवटा कानशीने घासून कमी केला आणि वर जुन्या सुती ओढणीची पट्टी गुंडाळली, तेव्हा ती हाताला बसली. घामाने मूठ निसटण्याचाही त्रास त्यामुळे गेला. डावखुऱ्यांसाठी मात्र असा काही इलाज मला सापडलेला नाही: रीळ एकाच बाजूने चढते, चाकी त्याच बाजूला बाहेर आलेली असते, आणि डाव्या हातात धरली की चाकी नेमकी खोक्याच्या उभ्या फ्लॅपवर आपटते. आमच्याकडे एक डावखुरी मुलगी आहे, तिने माझी गन दोन दिवस वापरून मुकाट्याने परत केली.

गन कितीही चांगली असली तरी टेप वाईट असेल तर तिचे काही चालत नाही, आणि टेप आपल्या हातात नसते, ती कंपनी देते. बाजारात जिला दोन इंची म्हणतात ती टेप प्रत्यक्षात बहुतेक वेळा ४८ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे दोन इंचांना अडीच-तीन मिलिमीटर कमी. एवढ्याने काम अडत नाही, पण चाकीवर रीळ किंचित डावी-उजवीकडे सरकते आणि पट्टी तिरपी जाऊ लागते. लांबीचा खेळ मात्र सरळ फसवणुकीचा असतो. रिळावर ६५ मीटर छापलेले असेल तर बारा इंच लांबीच्या खोक्याला, दोन्ही बाजूंचे दोन-दोन इंच धरून, वर आणि खाली मिळून साधारण ८० सेंटिमीटर टेप लागते, म्हणजे एका रिळात ८१ खोकी व्हायला हवीत. गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका नव्या मालाचे रीळ मी खोकी मोजून वापरले, तर ५८ व्या खोक्याला पुठ्ठ्याचा गाभा दिसू लागला. गाभाच इतका जाड होता की बाहेरून रीळ नेहमीएवढेच भरीव दिसे. ज्यांना घाऊक टेप खरेदी करायची आहे त्यांनी रिळाच्या बाहेरच्या घेराला भुलू नये, गाभ्याची जाडी पाहावी आणि जमल्यास रीळ काट्यावर ठेवावे.

पावसाळ्याविषयी वेगळे सांगितले पाहिजे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत डॉकचे शटर दिवसभर उघडे असते, ट्रकमधून पाणी ठिबकत असते, आणि खोक्यांचा कागद हवेतली ओल पिऊन मऊ पडतो. कोरडे असताना टणक वाटणारे थ्री प्लाय, म्हणजे तीन थरांच्या पुठ्ठ्याचे, खोके जुलैत हाताने दाबले तर पापडासारखे वाकते. अशा कागदावर टेप नुसती ठेवून भागत नाही. या टेपचा गोंद दाबाने धरणारा असतो, त्याला दाब दिला नाही तर तो कागदावरच्या धुळीला आणि ओलीला चिकटतो, कागदाला नाही. गनचा रोलर पट्टीला मधल्या भागात बरा दाब देतो, पण दोन्ही बाजूंवर खाली आलेल्या दोन-दोन इंचांना तो पुरेसा लागत नाही. तिथे तळहाताने एकदा घासावेच लागते. या घासण्याला टार्गेटमध्ये वेळ धरलेला नाही, म्हणून घाईत तेच पहिल्यांदा गाळले जाते, आणि पावसाळ्यात तळ उघडून माल सांडण्याच्या ज्या तक्रारी येतात त्यांतल्या बऱ्याच तिथूनच निघतात असा माझा अनुभव आहे. हातमोजे घालून घासणे जमत नाही, कारण ठिपक्यांचे सुती हातमोजे टेपच्या कडेला चिकटून तिलाच वर ओढतात.

पाते हा या गनचा सर्वांत मोठा दोष आहे. पहिले चार महिने ते इतके चांगले कापत होते की मी इतरांना बोलावून दाखवीत असे. पाचव्या महिन्यापासून दातांच्या मुळाशी गोंदाचा काळा थर साचू लागला. रॉकेलचा बोळा फिरवला की तो निघतो आणि धार काही दिवस परत येते, पण आठव्या महिन्यानंतर दातच झिजले. सुटे पाते मिळेल का म्हणून मी पुन्हा नागदेवीला गेले, तर दुकानदाराने माझ्याकडे पाहून सांगितले, "बाई, तीनशे रुपयांच्या वस्तूचे पाते कोण ठेवतो, नवी घेऊन जा." पाते दोन छोट्या स्क्रूंनी बसवलेले आहे, म्हणजे ज्याने ते घडवले त्याने ते बदलता यावे असाच विचार केला होता, विकणाऱ्यांच्या साखळीत तो विचार कुठेतरी गळाला. शेवटी गोदामातल्या मोडक्या गनच्या ढिगातून त्याच मापाचे एक बरे पाते काढून मी बसवले आहे. मुठीचा मुख्य स्क्रूही दर दोन-तीन आठवड्यांनी सैल होतो, तो आवळण्यासाठी लहान पेचकस लागतो. पण ती किरकोळ बाब म्हणून सोडून देते.

किरकोळ नाही ती पात्यावरच्या आवरणाची गोष्ट. माझ्या गनला असे आवरणच नाही. महागड्या गनमध्ये पात्यापुढे एक प्लास्टिकची पट्टी असते, जी टेप टेकवताना मागे सरकते आणि गन ठेवली की पुढे येते. तिसऱ्या महिन्यात, टेबलावर पालथी ठेवलेली गन न पाहता उचलताना माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या पेरांवर दातांची रांगोळी उमटली; जखम खोल नव्हती, पण धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागले आणि त्या दिवशीची उरलेली पाळी गेली. तेव्हापासून मी वापर नसताना पात्यावर पुठ्ठ्याची घडी खोचून ठेवते. शंभर-दीडशे रुपये जास्त देऊन आवरण असलेली गन मिळत असेल तर तीच घ्यावी, असे मी कुणालाही बजावून सांगेन. काटकसर मी इथे केली आणि ती चुकली.

वेगाबद्दल लोक आधी विचारतात, म्हणून तेही लिहिते. मोबाइल आत नेता येत नसल्याने भिंतीवरच्या घड्याळावर मी दहा-दहा खोक्यांचा वेळ मोजला: कंपनीच्या प्लास्टिकच्या गनने दहा खोक्यांना वर-खाली टेप मारायला ३ मिनिटे २० सेकंद, या गनने २ मिनिटे. म्हणजे दर खोक्यामागे आठ सेकंद वाचले, आणि पाळीत तीनशे खोकी धरली तर चाळीस मिनिटे. ही चाळीस मिनिटे मला मिळाली असती तर मी या गनला पाचपैकी पाच गुण दिले असते. घडले ते असे, की दुसऱ्या महिन्यात सुपरवायझरांनी पडद्यावर माझा आकडा पाहिला, कौतुक केले, आणि पुढच्या आठवड्यापासून माझ्या टेबलाला तासाला ४६ खोकी लावून दिली. मजुरी तेवढीच राहिली, कारण आमची मजुरी दिवसावर आहे, खोक्यांवर नाही, आणि ती ठेकेदाराकडून येते, ज्याला माझी गन लाल आहे की निळी हे ठाऊकही नाही. त्या दिवसानंतर मी माझा वेग तासाला ४१-४२ वर आणून ठेवला आहे आणि वाचलेला वेळ तळहाताने टेप घासण्यात, बाटल्यांच्या खोक्यांना कडेच्या पट्ट्या नीट मारण्यात आणि मनगट सैल सोडण्यात खर्च करते. माझ्या टेबलाचे टार्गेटही काही दिवसांनी सगळ्यांसारखे पुन्हा ४० झाले. म्हणून ही गन घेणाऱ्या पॅकरला माझे सांगणे आहे की ती मनगटासाठी घ्या, आकड्यासाठी घेऊ नका. आणि नवी गन आणलेल्या आठवड्यात विशेष जपून हळू चाला.

स्वतःचे अवजार कामावर न्यावे की नाही, यावर आमच्या टेबलांवर बराच वाद झाला. काही जणींचे म्हणणे असे की अवजार देणे हे कंपनीचे काम आहे आणि एकीने स्वतःचे आणले की उद्या सगळ्यांकडून ती अपेक्षा होईल. ते म्हणणे मला पटते आणि तरीही मी गन आणली. माझी आई भातकापणीला दुसऱ्याच्या शेतावर जायची तेव्हा विळा घरूनच न्यायची, कारण मालकाने दिलेला विळा कुणाच्या हाताला घडलेला आहे हे सांगता येत नाही. तिच्या विळ्याच्या मुठीला चिंधी बांधलेली असे आणि चार विळ्यांत तो अंधारातही ओळखू येई. पण विळा खांद्याला अडकवून बांधावरून घरी नेता येत होता. माझी गन गेटबाहेर न्यायची तर सुरक्षारक्षकाच्या वहीत नोंद, सुपरवायझरांची सही आणि पात्यामुळे वेगळी चौकशी एवढे सोपस्कार आहेत, म्हणून ती चौदा महिने लॉकरमध्येच मुक्कामाला आहे. दुसऱ्या पाळीची कुणी ती घेऊ नये म्हणून मी लॉकरला कुलूप स्वतःचे लावले आहे. त्याचे ८० रुपये गनच्या किमतीत धरावेत.

आणखी एका गोष्टीकडे खरेदी करणाऱ्यांनी लक्ष द्यावे. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, आणि अ‍ॅमेझॉनने जून २०२० मध्ये भारतातील आपल्या गोदामांच्या पॅकिंगमधून एकदाच वापरायचे प्लास्टिक हटवल्याचे जाहीर केले. तेव्हापासून पाण्याने ओली करून लावायची कागदी टेप आमच्या भागातही दिसू लागली आहे. ती टेप या गनवर अजिबात चालत नाही, तिला टेबलावर बसवायचे पाण्याचे यंत्र लागते. आमच्याकडे एका टेबलावर तसे यंत्र बसवले आहे. त्यात टेप हाताने उचलावी लागत नाही, ती ठरलेल्या लांबीत ओली होऊन बाहेर येते, आणि त्या टेबलावर काम करणारीचे मनगट माझ्यापेक्षा सुखात आहे हे मी कबूल करते. तुमच्या गोदामात कागदी टेप येण्याची बोलणी चालू असतील तर या गनवर पैसे घालू नका.

घरून लोणची, मसाले किंवा दिवाळीचा फराळ पाठवणाऱ्यांना दिवसाला पाच-दहा पार्सलांसाठी एवढ्या जड गनची गरज नाही. साधा प्लास्टिकचा टेप कटर किंवा कात्री पुरते, कारण दहा खोक्यांत मनगट दुखत नाही. फराळाच्या खोक्याला मात्र कडांवरच्या पट्ट्या चुकवू नयेत, आणि टेपचे शेवटचे टोक अर्धा इंच दुमडून ठेवावे म्हणजे पुढच्या वेळी शोधावे लागत नाही. दिवसाला पन्नासच्या वर खोकी जात असतील, आंबा पेट्यांच्या हंगामात बऱ्याच जणांची जातात, तर ब्रेक आणि आवरण दोन्ही असलेली गन घ्यावी.

माझे गुण पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण आवरण नाही म्हणून कमी केला, अर्धा सुटे पाते मिळत नाही म्हणून, आणि अर्धा मुठीच्या मापासाठी. मोडक्या गनमधून काढून बसवलेले पाते आता फार दिवस टिकणार नाही, तेव्हा पुढच्या महिन्यात पुन्हा नागदेवीला जावे लागेल. या वेळी ती डावखुरी मुलगीही बरोबर येणार आहे; गन तिच्या डाव्या हातात देऊन, दुकानातल्याच एखाद्या खोक्यावर दोन पट्ट्या मारून पाहिल्याशिवाय आम्ही पैसे देणार नाही, असे आमचे ठरले आहे.